घाटाची ताकद: सायकलीचे गिअर आणि पायांचा सराव

सायकल चालविणाऱ्यांमध्ये एक समज फार जुना आहे. जड गिअरवर चढ चढणारा ताकदवान आणि हलका गिअर लावणारा कच्चा, असा हा समज. त्यामुळे पाय बळकट करायचे म्हणून अनेक जण गिअरची सायकल घेतात, पण ती कायम सर्वांत जड गिअरवरच ठेवतात. काही महिन्यांत गुडघा कुरकुरू लागतो आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडते. गिअर नेमके काय करतो आणि स्नायूंना बळ कशाने येते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळली की हा गोंधळ होतो.

एक चढ, दोन गिअर

ग्वाल्हेर शहराचे उदाहरण या बाबतीत उद्‌बोधक आहे. दौलतराव शिंदे यांनी 1810 मध्ये येथे तळ दिला आणि त्या छावणीतून आजचा लष्कर हा भाग वाढला. तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. याच लष्करातील माधवगंजच्या गल्ल्या आणि आसपासचे बाजाररस्ते फारसा चढ-उतार नसलेले. रोजच्या वापराला साधी, बिनगिअरची सायकल पुरते. परंतु थोड्याच अंतरावर ग्वाल्हेरचा किल्ला उभा आहे. सपाट शहराच्या मधोमध सुमारे 100 मीटर उंचीची ही खडकाळ टेकडी. तिच्या पश्चिम अंगाने, कातळात कोरलेल्या जैन मूर्तींच्या शेजारून, उरवाई दरवाजाचा रस्ता वर जातो. रोज सपाटीवर चालणारे पाय एकाएकी चढाला भिडतात, तेव्हा काय होते हे या टेकडीवर नेमके मोजता येते.

सायकलस्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन 80 किलो धरले, तर 100 मीटर उंची गाठण्यासाठी सुमारे 78,500 ज्यूल इतके काम करावे लागते. टायरचे घर्षण आणि वारा यांसाठी लागणारी शक्ती यात धरलेली नाही. गिअर कोणताही लावला तरी या आकड्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो हे काम किती हप्त्यांत फेडायचे, यात.

समजा, चढ सरासरी 8 टक्क्यांचा आहे. म्हणजे 100 मीटर वर जायला सव्वा किलोमीटर रस्ता. पारंपरिक काळ्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पेडलच्या एका पूर्ण फेरीत ती सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. या चढाला तिच्या सुमारे 230 फेऱ्या होतात. गिअरच्या सायकलीवर पुढे आणि मागे सारखेच दाते असलेला सर्वांत हलका गिअर लावला, तर एका फेरीत अंतर कटते ते सुमारे 2.1 मीटर, आणि फेऱ्या लागतात जवळपास 600. क्रँकची लांबी 170 मिलिमीटर धरून हिशेब केला, तर पहिल्या सायकलीवर पेडलवर सरासरी 32 किलोच्या वजनाइतका जोर सतत द्यावा लागतो. दुसरीवर साडेबारा किलो पुरतात. पाय पेडल खाली दाबतो त्या क्षणी प्रत्यक्ष जोर या सरासरीहून बराच अधिक असतो.

दोघेही साडेआठ मिनिटांत माथ्यावर पोहोचले, तर एकाचे पाय मिनिटाला 27 वेळा फिरलेले असतील आणि दुसऱ्याचे 70 वेळा. दोघांनी केलेले काम एकच. पहिल्याने ते मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या सांध्यावर लादले. दुसऱ्याने त्यातील बराच भार हृदय आणि फुफ्फुसांकडे सोपविला. गिअरचे सारे शास्त्र या एका विभागणीत सामावलेले आहे.

चढ पायांना नवा असतो

गोव्यातील सायकलस्वाराची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. किनारपट्टीचे, खाजनांच्या बांधांवरचे आणि नदीकाठचे रस्ते सपाट. मधूनच पर्वरीचा किंवा बांबोळीचा चढ येतो; पणजीत आल्तिनो, वास्कोत मांगोर हिल. हे चढ लहान असल्याने जोर लावून कसेबसे निभावतात. पूर्वेकडे मात्र सह्याद्रीची भिंत आहे. केरीहून चोर्ला घाटात चढणारा रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीपर्यंत जातो. मोलेहून अनमोड घाट आणि दक्षिणेत काणकोणच्या वाटेवर करमल घाट. आठ मिनिटांचा चढ मनाच्या हट्टाने पार होतो. तासाभराच्या घाटात हट्ट संपतो आणि पायांचा खरा साठा उघडा पडतो.

म्हणून घाटाची तयारी करणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. पहिली, चढाच्या मानाने पुरेसा हलका गिअर. दुसरी, तो गिअर तासभर फिरवू शकतील असे पाय. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

गिअर कसा निवडावा

गिअरचा जडपणा मोजण्याची रीत सोपी आहे. पुढच्या चकतीच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागावे. उत्तर जितके मोठे, तितका गिअर जड. साध्या 21 गिअरच्या सायकलीला पुढे 48, 38 आणि 28 दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे 14 ते 28 दात्यांच्या सात चकत्या असतील, तर सर्वांत जड गिअर 3.43 आणि सर्वांत हलका 1 येतो. घाटासाठी 1 किंवा त्याहून कमी गुणोत्तर हाताशी असणे नवशिक्याला फार उपयोगाचे ठरते. रेसिंगच्या सायकलीला पुढे 50 व 34 आणि मागे 11 ते 34 दाते असल्यास तिथेही 1 हे गुणोत्तर मिळते. मागची सर्वांत मोठी चकती 25 किंवा 28 दात्यांची असेल, तर घाटापूर्वी ती बदलून घेणे शहाणपणाचे.

बिनगिअरच्या सायकलीलाही उपाय आहे. मागचे 18 दात्यांचे फ्रीव्हील काढून 22 दात्यांचे बसविले, तर पेडलवरचा जोर सुमारे 18 टक्क्यांनी घटतो. हे काम सायकल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात होऊ शकते. चेनची एखादी कडी वाढवावी लागते इतकेच.

सपाटीवर मिनिटाला 80 ते 90 आणि चढावर 65 ते 80 फेऱ्या हा बहुतेकांना मानवणारा वेग आहे. फेऱ्या मोजायला यंत्र लागत नाही. एक गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजावे आणि चारने गुणावे. चढावर हा आकडा 60 च्या खाली जाऊ लागला की गिअर हलका करण्याची वेळ झाली. गिअर बदलायचा तो चढ सुरू होण्याआधी. पूर्ण जोर लावलेला असताना बदलल्यास चेन अडखळते, प्रसंगी उतरते, आणि तीव्र चढावर थांबलेली सायकल पुन्हा चालू करणे हे वेगळेच संकट असते. पुढची सर्वांत मोठी आणि मागचीही सर्वांत मोठी चकती एकाच वेळी वापरल्याने चेन तिरकी पडून लवकर झिजते. हा जोड टाळावा.

हलक्या गिअरची जुनी बदनामी

हलक्या गिअरला कमीपणा मानण्याची खोड केवळ आपल्याकडची नाही. ‘टूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीचे संस्थापक आँरी देग्रांज यांनी 1902 मध्येच मत मांडले होते की, बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत; तरुणांनी विजय मिळवावा तो स्नायूंच्या बळावर. त्यांच्याच देशातील पॉल द व्हिवी हे मात्र याच काळात बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. 1903 मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत आजच्यासारखे गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती 1937 मध्ये, आणि त्या वर्षीचा विजेता रॉजे लापेबी ही यंत्रणा वापरूनच जिंकला. आज जगातले अव्वल घाटवीरही डोंगरात हलक्या गिअरवर जलद पाय फिरवितात. देग्रांज यांचा आग्रह शर्यतीच्या मैदानात संपला. हौशी सायकलस्वारांच्या मनात तो अजून टिकून आहे.

बळ येते कशाने

पेडल दाबण्याचे मुख्य काम मांडीच्या पुढच्या बाजूचे चार स्नायू आणि नितंबाचे स्नायू करतात. मांडीमागचे स्नायू आणि पोटऱ्या त्यांना साथ देतात. पाठ आणि पोट कण्याला स्थिर ठेवतात. पाया डळमळीत असेल तर पायांचा जोर कमरेतच वाया जातो.

स्नायू बळकट होतो तो त्याला सवयीपेक्षा थोडा अधिक भार मिळाला आणि नंतर सावरण्याइतका अवधी मिळाला म्हणजे. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावण्यास शिकते म्हणून. तंतू जाड होण्याचे काम त्यामागून होते. भार हळूहळू वाढविणे, ज्या कामासाठी तयारी करायची त्याच्याशी मिळताजुळता सराव करणे आणि विश्रांती सरावाइतकीच गंभीरपणे घेणे, ही क्रीडाशिक्षणातील पायाभूत तत्त्वे आहेत. 1857 च्या उठावाच्या शताब्दीनिमित्त 1957 मध्ये ग्वाल्हेरातच स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था ही या विषयाच्या अध्यापनातील देशातील अग्रगण्य संस्थांपैकी एक होय.

आता ही तत्त्वे जड गिअरला लावून पाहता येतात. मिनिटाला 80 च्या वेगाने पाय फिरले तर तासाला 4,800 फेऱ्या होतात. इतक्या वेळा उचलता येईल असे वजन स्नायूला ताकद देण्यास फार हलके असते. त्याने येतो तो दमदारपणा. गिअर जड केल्याने भार वाढतो खरा, पण तरीही तो पूर्ण क्षमतेच्या मानाने कमीच राहतो आणि शेकडो वेळा सांध्यावर पडतो. म्हणजे ताकद येण्यास अपुरा आणि गुडघा दुखविण्यास पुरेसा, अशा मधल्या पट्ट्यात जड गिअरवरची रोजची रपेट अडकते. शुद्ध ताकद कमवायची तर थोड्या वेळा मोठे वजन उचलणे हा अधिक थेट मार्ग आहे.

वजनांचा व्यायाम

वजने उचलली तर पाय जड होतील आणि चढावर ते ओझे वाहावे लागेल, अशी भीती सायकलस्वारांत आढळते. नॉर्वेचे क्रीडाशास्त्रज्ञ बेंट रॉनेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावलेल्या सायकलपटूंवर केलेले प्रयोग या भीतीला उत्तर देतात. नेहमीच्या सायकल सरावाला 12 आठवडे वजनांच्या व्यायामाची जोड दिलेल्या गटाने, 185 मिनिटे सायकल चालविल्यानंतर घेतलेल्या पाच मिनिटांच्या कसोटीत पूर्वीपेक्षा अधिक शक्ती दाखविली. त्यांच्या दुसऱ्या एका प्रयोगात असे आढळले की, शर्यतींच्या हंगामात आठवड्यातून एकच दिवस वजने उचलली तरी कमावलेली ताकद टिकते.

सामान्य सायकलस्वारासाठी चार-पाच व्यायाम पुरेसे आहेत: बैठका, एका पायावर पुढे वाकणे अर्थात लंज, पायरीवर चढ-उतार, पाठीवर पडून कंबर उचलणे आणि टाचा उचलणे. पहिला महिना स्वतःच्या शरीराच्याच वजनाने, प्रत्येकी 12 ते 15 वेळा, तीन आवर्तनांत करावेत. शरीराची ठेवण पक्की झाली की प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वजन वाढवीत 8 ते 10 आणि पुढे 4 ते 6 वेळांवर यावे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान 48 तासांचे अंतर. आपल्याकडील तालमींतल्या जोर-बैठका या पायांसाठी उत्तमच. मात्र त्या शेकड्यांनी काढल्या तर दमसास वाढतो, आणि भार वाढविला तर बळ.

सायकलीवरचा सराव

जड गिअरला सरावात जागा अजिबात नाही असे नव्हे. ती मोजून-मापून द्यावी लागते. तीन ते पाच टक्क्यांच्या बेताच्या चढावर, सीटवर बसूनच, मिनिटाला 50 ते 60 फेऱ्या ठेवून चार-पाच मिनिटे चढावे. परतताना पूर्ण दम घ्यावा. असे तीन ते पाच वेळा करावे. आठवड्यातून एकदाच. या सरावाच्या परिणामाविषयी संशोधकांत एकमत नाही. तरीही घाटातील संथ, सततच्या दाबाची सवय पायांना त्यातून होते, म्हणून अनेक प्रशिक्षक तो देतात. गुडघेदुखीचा इतिहास असलेल्यांनी तो वगळावा.

उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस हलक्या गिअरवर जलद फेऱ्यांचा, 95 ते 100 पर्यंत, सीटवर न उसळता. एक दिवस लांब पल्ल्याचा, बोलता येईल इतक्या सावकाश गतीचा. पल्ला दर आठवड्याला दहाएक टक्क्यांहून अधिक वाढवू नये, आणि दर चौथ्या आठवड्यात एकूण सराव एक-तृतीयांशाने कमी करावा. ताकद त्या मोकळ्या आठवड्यात बसते.

गोव्याचे ऋतुमान या योजनेला अनुकूल आहे. जून ते सप्टेंबर या काळात घाटरस्ते निसरडे असतात, दरडींचे भय असते, तांबड्या मातीचा राळ चेनला खातो. तेव्हा घरातील वा व्यायामशाळेतील वजनांचा सराव करावा. ऑक्टोबरपासून सपाटीवर फेऱ्यांचा वेग आणि पल्ला वाढवावा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घाटासाठी राखाव्यात. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, शरीर तापते, आणि तोच चढ अधिक महाग पडतो. तेव्हा सराव सूर्योदयापूर्वी आणि आखूड असावा.

आहाराबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. ताकदीचा सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात. 70 किलोच्या व्यक्तीला हे 84 ते 112 ग्रॅम होतात. मासळी, अंडी, दूध, डाळी आणि उसळी यांतून ती मिळतात. सकाळच्या रपेटीनंतर नुसत्या चहा-पावावर ती भागत नाहीत.

गुडघ्याचे बोलणे

सीटची उंची चुकीची असेल तर वरील सर्व सराव उलटतो. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पेडल नेहमीसारखे चवड्याने दाबताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहतो. सीट खाली असल्यास किंवा गिअर फार जड असल्यास दुखते ते बहुधा गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, वाटीभोवती. सीट फार वर असल्यास मागच्या बाजूस ताण येतो. व्यायामानंतर दोन दिवस मांड्या भरून येणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणे, सूज येणे, जिना उतरताना कळ निघणे हे मात्र थांबण्याचे इशारे आहेत. विश्रांतीने ते गेले नाहीत तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी जड वजने व घाट सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

घाट चढलेले पाय

मराठी मुलुखाला घाटातल्या सायकलीचे वेड नवे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. अलीकडच्या काळात मराठी सायकलपटूंनी याहून लांबचे घाट पाहिले. अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत सुमारे 4,800 किलोमीटरची आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली; लष्करी अधिकारी श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही त्याच वर्षी. एकट्याने जाणाऱ्या स्पर्धकाला बारा दिवसांची मुदत असते. म्हणजे दिवसाला सरासरी 400 किलोमीटर, आणि वाटेत रॉकी पर्वत. असे अंतर जड गिअरच्या हट्टावर कापता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तितकेच काम करू शकतील इतपत पाय राखून चालवावे लागते.

गोव्यातही 2019 पासून मिरामार किनाऱ्यावर होणाऱ्या ‘आयर्नमॅन 70.3’ स्पर्धेमुळे सायकलच्या सरावाकडे वळणाऱ्यांची नजर अधिक डोळस झाली आहे. तिथे 90 किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर 21.1 किलोमीटर धावायचे असते. जड गिअरवर मांड्या खर्चून आलेल्याला त्याचा हिशेब धावताना चुकवावा लागतो.

सामान्य सायकलस्वाराला इतक्या दूर जायचे नसते. एखाद्या रविवारी चोर्ल्याच्या माथ्यावर पोहोचावे, मागे वळून हिरवे सत्तरी पाहावे आणि सोमवारी विनातक्रार कामाचा जिना चढावा, एवढेच त्याचे मागणे असते. त्यासाठी पावसाळ्याचे चार महिने आठवड्यातून दोनदा वजने, चढावर वेळीच हलका केलेला गिअर आणि दर चौथ्या आठवड्याची विश्रांती इतके पुरते.